बॉयलरच्या कागदांवर सही: माझा बीओई परीक्षेचा अनुभव

आमच्या भागातल्या सहवीज प्रकल्पांतली, म्हणजे साखर कारखान्यांना जोडलेल्या वीजकेंद्रांतली पोरं हल्ली भेटली की एकच विचारतात, ‘बीओई कसं केलंत?’ प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकतो. मी तयारी करत होतो तेव्हा असं काही मराठीत हाताशी असतं, तर सुरुवातीचे दिवस नुसते चाचपडण्यात गेले नसते.

बीओई म्हणजे बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर. लहान बॉयलरवर बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र असलेला माणूस चालतो. त्यात सेकंड क्लास आणि फर्स्ट क्लास अशा दोन पायऱ्या आहेत. पण बॉयलरचं तापपृष्ठ (आगीची उष्णता पाण्याला देणारं क्षेत्रफळ) ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की मालकाला बीओई नेमावाच लागतो, मग हाताखाली कितीही डिग्रीवाले असोत. यासाठी केंद्राची 2011 ची नियमावली आहे. आपल्या राज्यात परीक्षा घेतं ते कामगार विभागाच्या अखत्यारीतलं बाष्पके संचालनालय.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पात ट्रेनी म्हणून लागलो. पहिले हंगाम फील्डवर गेले. हातात टॉर्च आणि लॉगशीट घेऊन फीड पंपाचं बेअरिंग हाताने चाचपायचं, बगॅस (उसाचा चोथा) वाहणाऱ्या कॅरिअरवर नजर ठेवायची, सांगितलं की ब्लोडाऊन द्यायचा, म्हणजे बॉयलरमधलं थोडं क्षारांचं पाणी सोडून द्यायचं. मग कंट्रोल रूममध्ये डेस्कवर बसायला मिळालं. बाहेरच्याला प्लांटमधले सगळेच इंजिनिअर वाटतात, पण आत कोणाला काय ठरवता येतं यावरून माणसाची जागा ठरते. फील्डवाला बघतो आणि कळवतो. डेस्कवाला स्क्रीनवर बॉयलर सांभाळतो, पण युनिट ओढायचं की बंद करायचं हे शिफ्ट इनचार्ज सांगतो आणि कामाच्या परमिटवर सहीही त्याचीच. केमिस्ट माणूस शांत वाटतो, पण ड्रमच्या (बॉयलरमधल्या पाणी-वाफेच्या टाकीच्या) पाण्यात सिलिका चढली तर तीच वाफेबरोबर जाऊन टर्बाइनच्या पात्यांवर बसते, म्हणून तो ‘लोड खाली घ्या’ म्हणाला की मॅनेजरलाही ऐकावं लागतं. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्याने सही केल्याशिवाय कुठलाही इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारी व्यवस्था) बायपास होत नाही, निदान होऊ नये.

डेस्क मला चांगला जमत होता. पण शिफ्ट इनचार्जच्या जाहिराती वाचायला लागलो की शेवटच्या ओळीत ‘बीओई आवश्यक’ असायचं. दुसऱ्या वाटाही होत्या. एक मित्र नागपूरला एनपीटीआय या वीज प्रशिक्षण संस्थेच्या वर्षभराच्या कोर्सला गेला, पण मला वर्षभर पगाराविना राहणं परवडणारं नव्हतं. दुसरा बीईई, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या एनर्जी ऑडिटर परीक्षेच्या मागे लागला. तिथे चार पेपर, त्यातला एक पूर्ण इलेक्ट्रिकलचा, आणि माझा त्या विषयाशी जुना वैरभाव. बीओईला लागणारा अनुभव मात्र आधीच गाठीशी होता. डिप्लोमावाल्याला डिग्रीवाल्यापेक्षा जास्त वर्षं दाखवावी लागतात, तीही भरत होती. फेब्रुवारीत, हंगाम ऐन भरात असताना, ठरवलं की यंदाच्या ऑफ-सीझनला हेच करायचं.

मार्चअखेर गाळप संपलं. अभ्यासाआधी कागद गोळा करायला घेतले आणि खरी कसरत तिथेच निघाली.

अनुभवाचा दाखला हा या अर्जाचा कणा आहे. कंपन्यांचे एचआरवाले देतात तसला ‘यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले’ छापाचा दाखला इथे कामाचा नाही. तुम्ही कोणत्या बॉयलरवर होता, त्याचा नोंदणी क्रमांक, तापपृष्ठ, बाष्पीभवन क्षमता, काम चालवण्याचं होतं की देखभालीचं, कधीपासून कधीपर्यंत, हे सगळं त्यात यायला हवं, आणि खाली जबाबदार माणसाची सही-शिक्का. आपल्या राज्यातल्या बॉयलरचा नंबर ‘एमआर’ने सुरू होतो आणि तो बॉयलरच्या अंगावरच कोरलेला असतो. मी एवढी वर्षं त्याच्या शेजारून जात होतो, पण लिहून घ्यायची वेळ कधी आली नव्हती. तो फॉर्म 6 वर, म्हणजे बॉयलर वापरण्याच्या प्रमाणपत्रावरही मिळतो. त्याची फोटोकॉपी बॉयलर हाऊसमध्ये लावलेली असते, तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नोकरी सोडताना तर आठवणीने काढा, कारण सोडल्यावर गेटच्या आत जायला मिळत नाही.

माझं अडलं ते मधल्या एका नोकरीपाशी. सहवीज सोडून मी थोडा काळ एका ओ अँड एम (प्लांट चालवणं आणि देखभाल) कंत्राटदाराकडे दुसऱ्या प्लांटवर होतो. त्याचं कंत्राट संपलं, माणसं पांगली. प्लांटचा मालक म्हणतो, तुम्ही आमच्या रोलवर नव्हता. कंत्राटदार म्हणतो, बॉयलर आमचा नव्हता, त्याचे तपशील आम्ही कसे लिहून देणार? दोघांचंही आपापल्या जागी बरोबर, आणि मधे मी. शेवटी तिथल्या तेव्हाच्या बॉयलर मॅनेजरांना गाठलं. त्यांनी कंत्राटदाराच्या लेटरहेडवरचा दाखला आणि मालकाकडचं बॉयलरच्या तपशिलांचं वेगळं पत्र अशी जोडी जमवून दिली. यात एप्रिल संपला आणि मे अर्धा गेला. कंत्राटी नोकरीत असाल तर वर्षाच्या वर्षाला दाखला घेत चला. हातात पगार आहे तोवर लोक कागद देतात.

दुसरी गाठ नावाची. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव ‘बाळासो’, डिप्लोमावर ‘बाळासाहेब’, आणि जुन्या नोकरीच्या दाखल्यात वडिलांचं नावच नाही. आमच्याकडे बाळासो म्हणजे बाळासाहेब हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण अर्ज तपासणाऱ्याने ते का समजून घ्यावं? दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, साधा कागद चालतो. तहसीलच्या दारातला टायपिस्ट मात्र ‘स्टॅम्प पेपर लागतोच’ म्हणून अडून बसला होता. त्याला नमस्कार करून शेजारच्या टेबलावर गेलो.

जूनमध्ये अर्ज भरला. फी ऑनलाइन भरून चलनाची प्रत जोडली. सगळ्या कागदांचे तीन संच केले, एक अर्जासोबत, एक घरात, एक बॅगेत. तिसरा संच नंतर उपयोगी पडला.

आता अभ्यास. डेस्कवर बसणाऱ्याला वाटतं, बॉयलर तर आपण रोज चालवतो, वाचायचं काय त्यात? मलाही तेच वाटायचं, पहिला जुना पेपर हातात पडेपर्यंत. ‘स्प्रिंग लोडेड सेफ्टी व्हॉल्व्हची सुबक आकृती काढून कार्य स्पष्ट करा.’ सेफ्टी व्हॉल्व्ह उडताना दर हंगामात ऐकला होता, तो उघडून ओव्हरहॉल होतानाही बघितला होता. पण कागदावर स्पिंडल, डिस्क, सीट, ब्लोडाऊन रिंग जागच्या जागी बसवायची म्हणजे हात थांबायचा. म्हणून रोज रात्री एक आकृती काढायची असं ठरवलं. वॉटर गेज, फीड चेक व्हॉल्व्ह, फ्यूजिबल प्लग, डिएरेटर, एअर प्रीहीटर. वहीच्या पानावर, पट्टीने, नावं लिहून. बायको म्हणाली, पोरगा चित्रकलेच्या परीक्षेला बसलाय असं वाटतंय. पण ज्याच्या आकृत्या पक्क्या त्याचा निम्मा पेपर सुटला, हे मी आता खात्रीने सांगतो.

सगळ्यांत छळलं ते लँकेशायर बॉयलरने. अभ्यासक्रमात आहे, जुन्या पेपरांत वरचेवर येतो, आणि आमच्या पिढीतल्या कोणी तो डोळ्यांनी पाहिलेला नाही. तो फायर ट्यूब प्रकारातला, म्हणजे नळ्यांत आग आणि बाहेर पाणी. आम्ही वाढलो वॉटर ट्यूबवर, तिथे नळ्यांत पाणी आणि बाहेर आग. पुस्तकातली आकृती बघून फ्लू गॅसचा (जळून निघालेल्या गरम वायूचा) रस्ता काही केल्या डोक्यात शिरेना. आमच्याकडे एक निवृत्तीला आलेले फर्स्ट क्लास अटेंडंट होते, सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांची उमेदीची वर्षं गिरणीच्या बॉयलरवर गेली होती. एका दुपारी ते मला ॲश हॉपरखालच्या फरशीवर घेऊन गेले, खिशातून खडू काढला आणि उकिडवे बसून आडवा छेदच मांडला. ‘ह्यो शेल. ह्या दोन नळ्या, हितं आग. गॅस ह्यातनं माघारी गेला, मग खाली उतरला, तळानं म्होरं आला, आन् दोन्ही कडंच्या बोळांतनं परत मागं. कळलं का?’ तीन फेऱ्या. तात्यांनी बोटाने तो रस्ता फरशीवर असा फिरवला की पुन्हा पुस्तक उघडायची गरज पडली नाही. तुमच्या प्लांटवरही असा एखादा तात्या असेल. तो निवृत्त व्हायच्या आत त्याला गाठा.

गणितं मात्र आपली आपणच करावी लागतात. कार्यक्षमता काढायची सरळ पद्धत आणि तोट्यांची पद्धत, दोन्ही. बगॅसवाल्यांना इथे एक फायदा आहे, कारण ओलाव्याचा तोटा किती जबर असतो हे आपण रोज भोगतो. बगॅसमध्ये निम्मं पाणी, उष्मांक किलोला साधारण 2200 ते 2300 किलोकॅलरी. त्यामुळे कोळशाचा चांगला बॉयलर पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास असताना आपला सत्तरीतच घुटमळतो. त्यात आपल्या माणसांचा दोष नसतो, पाण्याची वाफ करून ती चिमणीतून सोडायलाच तेवढी उष्णता जाते. मी आमच्याच बॉयलरची जुनी लॉगशीट घेऊन आकडे घालत गेलो, त्यामुळे ही गणितं कधी परकी वाटली नाहीत.

कायद्याचा भाग कोरडा, पण गुणांच्या हिशोबाने स्वस्त. कुठलं भांडं कायद्याने बॉयलर ठरतं (पंचवीस लिटरच्या वर), कुठला पाइप स्टीम पाइप ठरतो (3.5 किलोच्या वरचा दाब किंवा 254 मिलिमीटरच्या वरचा आतला व्यास), अपघात झाल्यावर चोवीस तासांत कळवायचं, असलं सगळं. नेमका त्याच वर्षी, म्हणजे 2025 मध्ये, 1923 चा कायदा जाऊन नवा बॉयलर कायदा आला. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एकच गोंधळ: आता जुनं वाचायचं का नवं? मी दोन्ही शेजारी ठेवून वाचले. गाभा तोच आहे, कलमांचे क्रमांक हलले आहेत, आणि शिक्षेच्या तरतुदी बदलल्या आहेत. काही गुन्ह्यांतली फौजदारी काढून दंड आणला, जिवाशी गाठ असलेल्यांत ती ठेवली. आता तयारी करणाऱ्यांनी नव्याचे क्रमांक पाठ करावेत, पण बाजारातली जुनी पुस्तकं फेकू नयेत. भारतीय बॉयलर विनियम 1950 चेच आहेत आणि प्रश्नांचा मोठा भाग तिथून येतो.

लेखी परीक्षा मुंबईत, पावसाळा सरता सरता. महालक्ष्मी एक्सप्रेसने आदल्या दिवशीच पोचलो, दादरला लॉज घेतला. रात्रीच्या गाडीने उतरून थेट पेपरला जाणारेही भेटले, पण तीन तास आकृत्या काढायच्या तर झोप झालेली बरी. हॉलमध्ये वयाचं संमेलनच होतं. माझ्यासारखे साखरवाले, रिफायनरीतले, खतांच्या कारखान्यातले, आणि पन्नाशीला टेकलेले एक गृहस्थ, ज्यांच्या कंपनीने ‘प्रमाणपत्र आणा नाहीतर बढती विसरा’ म्हणून धाडलं होतं. पेपर अवघड नव्हता, लांब होता. आकृत्यांत अडकून पडलो असतो तर गणित राहिलं असतं, म्हणून आधी गणित उरकलं. पेन्सिली दोन-तीन टोकदार करून न्या. तिथे शार्पनर मागत फिरणारे मी पाहिले.

मग वाट बघणं. यात सांगण्यासारखं काही नाही. हंगाम सुरू झाला, बॉयलर पेटला आणि परीक्षा मागे पडली.

लेखीत पास झाल्याचं कळलं ते ऐन गाळपात, आणि पाठोपाठ तोंडी परीक्षेची तारीख आली. रजा मिळवायला लागलेली रदबदली हा वेगळाच अध्याय आहे. ज्याच्याशी शिफ्ट बदलून घेतली त्याला मी अजून दोन नाइट शिफ्ट देणं लागतो.

तोंडीची भीती सगळ्यांत जास्त होती. मी बोलताना कोल्हापुरी वळणावर जातो आणि घाबरलो की जास्तच जातो. समोरचे दोघं मात्र निवांत होते. त्यांनी अनुभवाचे कागद चाळले, दोन नोकऱ्यांच्या मधल्या खंडाबद्दल विचारलं. बॅगेतला तिसरा संच पुढे केला, ती जोडपत्रं बघून त्यांनी मान हलवली. मग पहिला प्रश्न: ‘तुम्ही साखरेतले. मिल अचानक थांबली. ड्रम लेव्हल कुठे जाते?’

‘खाली, सर.’

‘पाणी तर कमी झालं नाही. मग खाली का?’

हे मी शेकडो वेळा निस्तरलेलं होतं. मिल थांबली की वाफेची मागणी एकदम पडते, ड्रमचा दाब चढतो, पाण्यातले वाफेचे बुडबुडे दाबले जातात, म्हणून लेव्हल खाली दिसते. पाणी आहे तेवढंच असतं. नवखा डेस्कवाला घाबरून फीड वाढवतो, आणि दाब ठिकाणावर आला की तीच लेव्हल डोक्यावर चढते. मग पाणी वाफेबरोबर सुपरहीटरकडे (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांकडे) निघालं तर पुढे टर्बाइन आहे. म्हणून नियंत्रण नुसत्या लेव्हलवर ठेवत नाहीत, वाफेचा आणि फीडचा प्रवाहही त्यात घेतात. हे सांगताना माझा हात आपोआप टेबलावरच्या नसलेल्या माऊसकडे गेला, तेव्हा समोरचे हसले. तिथून पुढे सोपं गेलं.

सेफ्टी व्हॉल्व्हच्या ॲक्युम्युलेशन चाचणीचं विचारलं, म्हणजे सगळी वाफ तो एकटा बाहेर सोडू शकतो का ते बघणं. स्टॉप व्हॉल्व्ह बंद, आग पूर्ण, वॉटर ट्यूबला सात मिनिटं, फायर ट्यूबला पंधरा, दाब दहा टक्क्यांच्या वर चढता कामा नये. लगेच उलटा प्रश्न, ‘मग तुमच्या बॉयलरवर का घेत नाहीत?’ कारण सुपरहीटरमधला वाफेचा प्रवाह तुटला तर नळ्या भाजतील. कायदा आला कुठून, हेही विचारलं: 1863 साली कलकत्त्यात झालेला स्फोट, त्यावर 1864 चा बंगालचा कायदा, मग प्रांतोप्रांतीचे वेगवेगळे, आणि 1923 ला सगळ्यांचा मिळून एक.

शेवटचा प्रश्न मात्र पुस्तकातला नव्हता. ‘भट्टीखाली राख साचत चाललीय, निघत नाही. वरून फोन आहे, लोड सोडू नका. शिफ्टला तुम्ही आहात. काय कराल?’ 1 नोव्हेंबर 2017 ला उत्तर प्रदेशातल्या उंचाहार वीजकेंद्राच्या 500 मेगावॉटच्या युनिटमध्ये बॉयलरचा स्फोट झाला, ते या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तिशीच्या वर माणसं गेली. मी म्हणालो, माणसं तिथून हलवीन, लोड उतरवीन, राख नाहीच निघाली तर युनिट बंद करीन. ‘आणि फोनवाल्याला?’ त्याला म्हणेन, लेखी पाठवा. यावर दोघंही काही बोलले नाहीत, कागदावर काहीतरी लिहिलं आणि ‘या तुम्ही’ म्हणाले. बाहेर येऊन वडापाव खाल्ला तेव्हा कळलं की सकाळपासून पोटात काही नव्हतं.

खर्चाचा हिशोब: झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र, कुरिअर मिळून हजारभर. पुस्तकं निम्मी जुनी घेतली, त्याचे दीडेक हजार. मुंबईची प्रत्येक फेरी राहण्या-खाण्यासकट दोन-अडीच हजारांना पडली. फी धरून सगळं दहा हजारांच्या आत बसलं. क्लास लावला नाही. लावणाऱ्यांना नावं ठेवत नाही, पण ज्याच्याकडे बॉयलर आणि एक तात्या आहे त्याला फारशी गरज पडत नाही, असं माझं मत.

प्रमाणपत्र हातात आल्यावर बाहेरून फोन सुरू झाले, आणि त्यातला एक प्रकार नवशिक्यांना आधीच सांगायला हवा. एका मध्यस्थाने विचारलं, ‘तुम्ही आहे तिथेच राहा, फक्त प्रमाणपत्र द्या, महिन्याला अमुक देतो.’ म्हणजे एखाद्या कारखान्यात बीओई म्हणून कागदोपत्री माझं नाव, आणि प्रत्यक्षात मी शंभर किलोमीटरवर. हे चालतं, बरीच जणं करतात, रक्कमही मोहात पाडणारी असते. मी नाही म्हणालो. उद्या तिथे नळी फुटली आणि माणूस भाजला, तर चौकशीत ज्या बॉयलरचं तोंड मी पाहिलेलं नाही त्याच्यापुढे माझं नाव असणार. कंपन्या कधी कधी मूळ प्रमाणपत्र ‘जमा’ करून घ्यायला बघतात, तेही देऊ नका. मूळ प्रत दाखवायची, साक्षांकित प्रत द्यायची आणि मूळ घेऊन घरी यायचं.

हंगाम उरकून मुलाखती दिल्या. काही ठिकाणी ‘तुम्ही बगॅसवाले, कोळसा जमेल का’ हाच सूर होता. शंका रास्त आहे. आमच्या ट्रॅव्हलिंग ग्रेटवर (भट्टीतल्या सरकत्या जाळीवर) राख म्हणजे किरकोळ बाब, आणि विदर्भातल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच. मी खोटा आव आणला नाही. फ्लुइडाइज्ड बेडचा (खालून हवा मारून उकळत्या ठेवलेल्या थरात कोळसा जाळणारा) बॉयलर चालवलेला नाही, पण बेडचं तापमान साडेआठशेच्या आसपास का ठेवतात आणि वर गेलं तर क्लिंकर (वितळून घट्ट झालेले राखेचे गोळे) कसा धरतो हे वाचून आलो होतो, तेवढं सांगितलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट कारखान्याच्या कॅप्टिव्ह प्लांटने, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या वापराच्या वीजकेंद्राने शिफ्ट इनचार्ज म्हणून घेतलं. पहिले तीन महिने दुसऱ्या इनचार्जच्या जोडीने, ही अट त्यांचीच, आणि मला ती सोयीचीच होती. पगार वाढला, पण त्यातला बराचसा भाडं आणि गावाकडच्या फेऱ्या खातात. उन्हाळ्यात इथे बॉयलर हाऊसच्या वरच्या मजल्यावर उभं राहणं म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला आधी कोणी सांगायला हवं होतं.

रोजच्या कामातला मोठा बदल म्हणजे परमिटचा. पूर्वी परमिटची एक प्रत माझ्या डेस्कवर येऊन पडायची. आता वेल्डर आत शिरायच्या आधी मी स्वतः जाऊन व्हॉल्व्हला कुलूप लागलंय का, ड्रेन उघडा आहे का, गार झालंय का हे बघतो, मगच सही. पहिल्या आठवड्यात मेंटेनन्सवाले वैतागले, ‘आधीचे साहेब बसल्या जागी करायचे.’ असतील करत. आता त्यांना सवय झाली आहे, पंधरा मिनिटं आधीच बोलवायला येतात.

सध्या वार्षिक इन्स्पेक्शनची तयारी चालू आहे. इकॉनॉमायझरच्या (फीडचं पाणी आधी तापवणाऱ्या नळ्यांच्या) बेंडच्या जाडीची रीडिंग्ज घेणं अर्ध्यावर आलंय, दोन नळ्या मनाला पटत नाहीत, त्या बदलून घ्यायचं पत्र काल दिलं. ज्यांना अनुभवाच्या दाखल्याचा आणि बॉयलरच्या तपशिलांच्या पत्राचा नमुना हवा असेल त्यांनी खाली लिहा, नावं आणि नंबर काढून पाठवतो. आकृत्यांच्या वहीचे फोटोही आहेत, पण लँकेशायरची आकृती शक्यतो कोणाकडून तरी समोर बसून समजून घ्या.